दोन उड्डाणं कमी केली तर चार तासांचा उशीर का वाचतो: मुंबई विमानतळाच्या वेळापत्रकाबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईला येणाऱ्या विमानांना उतरण्याआधी कितीतरी वेळ घिरट्या घालाव्या लागतात, त्यात इंधन जळतं आणि पुढची सगळी उड्डाणं लांबतात. वेळापत्रक चांगल्या संगणकीय पद्धतीने बसवलं तर उशीर आणि उत्सर्जन दोन्ही कमी होणार नाही का? आणि २०२४ मध्ये सरकारने मुंबईची तासाची उड्डाणं थोडीशी कमी करायला लावली, त्या एवढ्याशा कपातीने काय साधलं?

मी बरीच वर्षं हवाई वाहतूक नियंत्रणात काढली आणि पुढे स्लॉटच्या (कोणत्या कंपनीच्या विमानाने कोणत्या वेळी उतरायचं-उडायचं ते ठरवणाऱ्या) बैठकांनाही बसलो. त्या अनुभवावरून सांगतो, कपातीबद्दलचा प्रश्न संगणकाच्या प्रश्नापेक्षा महत्त्वाचा आहे. ज्या दिवशी उशीर होतो त्या दिवशी आम्ही टॉवरमध्ये किंवा रडारवर जे करतो ते बहुतेक निस्तरण्याचं काम असतं. उशीर ठरतो चार-पाच महिने आधी, तासाला किती विमानं घ्यायची हा आकडा ठरतो तेव्हा.

हा आकडा येतो कुठून ते आधी पाहू. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत. मुख्य ०९/२७ साधारण साडेतीन किलोमीटरची, दुसरी १४/३२ तीन किलोमीटरपेक्षा थोडी कमी. दोन्ही एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि व्यवहारात मुंबई हा एका धावपट्टीचा विमानतळ आहे. आता हिशेब करू. उतरणारं विमान शेवटच्या टप्प्यात जमिनीच्या सापेक्ष सुमारे १४० नॉट (तासाला १४० सागरी मैल) वेगाने येतं, म्हणजे एक सागरी मैल कापायला त्याला जवळपास २६ सेकंद लागतात. दोन उतरणाऱ्या विमानांत सहा मैलांचं अंतर ठेवलं तर मधे साधारण १५५ सेकंद मिळतात. तेवढ्यात पहिलं विमान उतरून धावपट्टीबाहेर जायला हवं, उडणारं विमान आत येऊन सुटायला हवं, आणि मगच दुसरं उतरू शकतं. एका फेरीत एक लँडिंग आणि एक टेक-ऑफ. तासाला अशा तेवीस फेऱ्या बसतात, म्हणजे ४६ हालचाली. मुंबईच्या गर्दीच्या तासांचा जुना आकडा हाच होता.

आता तेच अंतर सातच मैल करा. फेरी १८० सेकंदांवर जाते आणि आकडा चाळिसावर घसरतो. एका मैलात सहा विमानं गेली! आणि हा एक मैल वाढायला फार काही घडावं लागत नाही. धावपट्टी ओली झाली की वैमानिक ब्रेक जपून लावतो आणि बाहेर पडायचा पहिला रस्ता सोडून पुढचा घेतो. मोठ्या विमानामागे लहान विमान असेल तर मोठ्याच्या पंखांमागची हवेची भोवरी शांत व्हायला जास्त अंतर लागतं. समोरून वीस नॉटचा वारा असेल तर विमानाचा जमिनीवरचा वेग १२० नॉटवर येतो आणि तेच सहा मैल कापायला तीन मिनिटं लागतात. लंडनच्या हीथ्रोने या शेवटच्या अडचणीवर २०१५ मध्ये उपाय काढला. जोराचा वारा असताना अंतर मैलांत न मोजता सेकंदांत मोजायचं. भोवरी वाऱ्याने लवकर विरते, त्यामुळे सुरक्षितता तशीच राहते आणि तासाची विमानं फारशी कमी होत नाहीत.

दोन विमानांमधला वेळ साठवून ठेवता येत नाही, ही गोष्ट बैठकीत बसलेले लोकसुद्धा विसरतात. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आलेला गॅप (एकदा उतरण्याची किंवा उडण्याची जागा) रिकामा गेला की तो कायमचा गेला. ज्या विमानासाठी तो होता ते मात्र उशिरा का होईना येतंच आणि दुसऱ्या कोणाच्या तरी गॅपमध्ये बसतं. म्हणजे सरासरी बरोबर जुळली तरी नुकसान भरून निघत नाही. समजा सकाळी आठ ते अकरा हे तिन्ही तास ४६ च्या ४६ भरलेले आहेत. आठ वीसला एका विमानाला उतरता आलं नाही, ते परत वर गेलं आणि दोन गॅप वाया गेले. दोन गॅप म्हणजे जेमतेम अडीच मिनिटं. पण पुढे रिकामी जागाच नाही, त्यामुळे अकरा वाजेपर्यंतचं प्रत्येक विमान अडीच मिनिटं मागे सरकतं. विमानं एकशे वीसच्या आसपास. एकूण उशीर तीनशे मिनिटं, म्हणजे पाच तास. आता वेळापत्रकात तासाला ४४ च विमानं ठेवा आणि धावपट्टीची ताकद ४६ चीच असू द्या. दर तासाला दोन गॅप मोकळे मिळतात आणि रांग साधारण तासाभरात संपते. एकूण उशीर जवळपास एक तास. उड्डाणं चार टक्क्यांनी कमी झाली आणि त्या एका चुकलेल्या लँडिंगचा उशीर पाचपटीने घटला. आणि चुकलेलं लँडिंग ही एकच गोष्ट झाली. प्रत्यक्षात तासाला असं काहीतरी बारीकसारीक दोन-तीनदा घडतं.

फेब्रुवारी २०२४ चा नागरी उड्डाण मंत्रालयाचा निर्णय याच जातीचा होता. गर्दीच्या तासांत ४६ ऐवजी ४४ आणि इतर वेळी ४४ ऐवजी ४२ हालचाली. शिवाय खासगी आणि बिगर-नियोजित विमानांवरची गर्दीच्या वेळची बंदी दिवसाला चार तासांवरून आठ तासांवर नेली. तेव्हा मंत्रालयानेच सांगितलं की मुंबईवर विमानं ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालत होती. कारणंही दिली: वेळेची पुरेशी सूट न ठेवता वाटलेले जास्तीचे स्लॉट, विमान कंपन्यांनी ते न पाळणं आणि गर्दीच्या वेळची बिगर-नियोजित उड्डाणं. त्याआधी तीनच महिने, ११ नोव्हेंबर २०२३ ला, दिवाळीच्या तोंडावर मुंबईने एका दिवसात १,०३२ विमानांचा विक्रम केला होता. सर्वत्र कौतुक झालं. नियंत्रकांचं कौशल्य त्यात होतंच आणि मला त्याचा अभिमान आहे. पण विक्रमाच्या दिवशी जे जमतं ते रोजचं वेळापत्रक म्हणून लिहून टाकलं की काय होतं, ते त्याच हिवाळ्यात दिसलं.

खासगी विमानांबद्दल थोडं. छोट्या जेटमध्ये पाच माणसं असोत की एअरबस ३२१ मध्ये सव्वादोनशे, धावपट्टीवर दोघांना एकच गॅप लागतो. जेट लहान असल्याने मोठ्या विमानामागे त्याला जास्त अंतर द्यावं लागतं ते वेगळंच. त्यामुळे गर्दीच्या वेळी त्यांना बाहेर ठेवणं मला पूर्णपणे न्याय्य वाटतं. पण हाच तर्क लावून काही जण कोल्हापूर, नांदेड, जळगावच्या सत्तर-ऐंशी आसनी विमानांनाही मुंबईत जागा देऊ नये म्हणतात, ते मला मान्य नाही. त्या गावांना मुंबईखेरीज पुढे जाण्याचे मार्ग मोजकेच असतात, आणि त्यांची संख्या तासाला एक-दोन असते. त्यांना गर्दीच्या कडेला बसवा, पण बाहेर काढू नका.

आता उत्सर्जनाकडे वळतो. या बाबतीत वाट किती मिनिटं पाहिली एवढंच विचारून भागत नाही. ती कुठे पाहिली यावर फार अवलंबून असतं. मंत्रालयाने त्या वेळी धरलेला सरासरी दर होता घिरट्या घालताना तासाला २,००० किलो इंधन. एक किलो विमान-इंधन जळलं की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे वीस मिनिटं आकाशात थांबलं तर दोन टनांहून अधिक. तीच वीस मिनिटं टॅक्सीवेवर (धावपट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर) दोन्ही इंजिनं चालू ठेवून रांगेत काढली तर एअरबस ३२० सारखं विमान मिनिटाला बारा किलोच्या आसपास जाळतं, म्हणजे एकूण पाऊण टन कार्बन डायऑक्साइड. आणि तीच वीस मिनिटं बेवर (विमान उभं करायच्या जागेवर), इंजिनं बंद, शेपटीतलं छोटं सहायक इंजिन फक्त वीज आणि वातानुकूलनासाठी चालू, अशी काढली तर सव्वाशे किलोच्या घरात. विमानतळाची वीज आणि थंड हवा जोडली असेल तर तेवढंही नाही. वेळ तोच, पण धूर सतराव्या हिश्श्यावर आला.

म्हणून आमच्या कामाचं सूत्र असं की थांबायचंच असेल तर ते जिथून निघायचं तिथे, इंजिन सुरू करण्याआधी. दिल्लीत मध्यवर्ती प्रवाह-व्यवस्थापन केंद्र आहे. मुंबईत येत्या दोन-तीन तासांत किती विमानं येणार आणि धावपट्टी किती घेऊ शकेल हे ते पाहतं आणि नागपूर, बंगळुरू, लखनौहून निघणाऱ्या विमानाला उड्डाणाची मोजून काढलेली वेळ देतं. तुम्ही नागपूरला विमानात बसता, दार बंद होतं, आणि कॅप्टन सांगतात की मुंबईत ट्रॅफिक आहे, पंचवीस मिनिटं थांबावं लागेल. तेव्हा प्रवाशांचा संताप होतो. मला तो समजतो. पण ती पंचवीस मिनिटं तुम्ही कुठेतरी काढणारच होता. पालघरच्या वर गोल फिरत काढण्यापेक्षा नागपूरच्या बेवर काढलीत, एवढाच फरक, आणि त्यात अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड वाचला. चूक होते ती वेगळ्या ठिकाणी. वेळ आधी कळलेली असूनही प्रवाशांना आत बसवून दार लावण्याची घाई केली जाते, कारण दार वेळेत बंद झालं की कागदावर निर्गमन वेळेत दिसतं. लोकांना लाउंजमध्ये बसू द्यावं आणि खरी वेळ सांगावी.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. लंडन किंवा न्यूयॉर्कहून निघालेलं विमान तुम्ही निर्णय घेता तेव्हा आधीच हवेत असतं, त्याला जमिनीवर थांबवता येत नाही. त्यामुळे सगळा भार देशांतर्गत, आणि त्यातही जवळच्या उड्डाणांवर पडतो. लांबून येणाऱ्यांसाठी दुसरा उपाय आहे: वाटेतच वेग थोडा कमी करायला सांगायचा. हीथ्रोसाठी २०१४ पासून साडेतीनशे सागरी मैल आधीच, शेजारच्या देशांच्या नियंत्रकांमार्फत, असा वेग कमी करवून घेतला जातो. उंचावर थोडं हळू उडणं खाली येऊन गोल फिरण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. मुंबईच्या पश्चिमेला अरबी समुद्रावर एवढं मोकळं आकाश आहे, तिथे हे मोठ्या प्रमाणावर करायला हवं.

घिरट्यांचा एक छुपा खर्चही असतो. मुंबईत पाऊण तास थांबावं लागतं हा अनुभव आला की कंपन्या प्रत्येक विमानात जादा इंधन भरायला लागतात. ते इंधन वाहून नेण्यासाठीही इंधन लागतं, उड्डाणाच्या दर तासाला त्या जादा वजनाच्या साधारण तीन टक्के. ज्या दिवशी घिरट्या घालाव्या लागत नाहीत त्या दिवशीही हा खर्च होतोच. वेळापत्रकावर विश्वास बसला तरच तो थांबतो, आणि विश्वास बसायला एखादा हंगाम जातो.

उशीर लपवण्याची एक पद्धतही सांगायला हवी, कारण तिला पुष्कळ लोक सुधारणा समजतात. मुंबई–दिल्ली हे अंतर जेमतेम साडेअकराशे किलोमीटर आहे, हवेत प्रत्यक्ष दीड तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपास छापलेले असतात. जादा वेळ रांगेसाठी धरलेला आहे. विमान पंधरा मिनिटं उशिरा पोहोचलं तरी ते वेळेत धरलं जातं, त्यात ही सूट मिळाली की टक्केवारी छान दिसते. रांग मात्र तशीच. उलट एखाद्या दिवशी रांग नसली की विमान वीस मिनिटं आधी येतं, त्याचा बे रिकामा नसतो, आणि ते इंजिनं चालू ठेवून टॅक्सीवेवर उभं राहतं. म्हणून फक्त वेळेत पोहोचल्याची टक्केवारी पाहून कोणत्याही विमानतळाचं कौतुक करू नका. टॅक्सीचा आणि घिरट्यांचा वेळ विचारा.

सूट ठेवायचीच तर ती दिवसाच्या सुरुवातीला आणि दोन उड्डाणांच्या मधल्या थांब्यात ठेवावी. स्वस्त सेवेचं एक विमान दिवसात पाच-सहा फेऱ्या करतं आणि मधे अर्ध्या तासात परत निघतं. सकाळी सातला वीस मिनिटं गेली की ती रात्रीपर्यंत प्रत्येक गावाला वाटली जातात. युरोपात उशिराच्या एकूण मिनिटांपैकी जवळपास निम्मी या साखळीतून आलेली असतात. म्हणून मला एकच तास वाचवायला सांगितला तर मी सकाळचा पहिला वाचवीन. (प्रवाशांसाठीही हेच: महत्त्वाचं काम असेल तर पहाटेचं पहिलं विमान घ्या.) माणसांच्या बाबतीतही सूट लागते. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम नोव्हेंबर २०२५ पासून पूर्ण लागू झाले, त्यांतली आठवड्याची विश्रांती जुलैपासूनच ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली होती. डिसेंबरच्या सुरुवातीला देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा दिसलं की ताणून बसवलेलं वेळापत्रक धावपट्टीवर टिकलं तरी मनुष्यबळावर मोडतं.

आता संगणकाबद्दल. विमानं तासात समान पसरवणं, मोठी आणि लहान विमानं गटाने आणणं, हे गणित अवघड असलं तरी सुटतं आणि चांगलं सुटतं. अडचण हक्कांची आहे. जगभरच्या गर्दीच्या विमानतळांवर नियम असा की मिळालेल्या स्लॉटमालिकेपैकी ८० टक्के उड्डाणं केली तर पुढच्या वर्षी तो स्लॉट तुमचाच. त्यामुळे सकाळी आठचा स्लॉट कोणी सोडत नाही. हीथ्रोवर तर स्लॉट विकले जातात. २०१६ मध्ये एका जोडीला साडेसात कोटी डॉलर मिळाल्याची बातमी होती. करोनाच्या सुरुवातीला युरोपात स्लॉट जाऊ नये म्हणून जवळजवळ रिकामी विमानं उडवली गेली आणि मार्च २०२० मध्ये युरोपीय संघाला तो नियम स्थगित करावा लागला. संगणकाला मोकळं रान मिळतं ते या हक्कांमधून उरलेल्या तुकड्यांत. म्हणून माझा आग्रह असा की हक्क तासाचा असावा, मिनिटाचा नसावा. कंपनीला आठ ते नऊमध्ये जागा मिळेल, पण आठ वाजून पाच की आठ वाजून चाळीस हे विमानतळ ठरवील. नाहीतर सगळ्यांना पूर्ण तासाच्या आसपासची वेळ हवी असते आणि तासाचा आकडा पाळूनही पहिल्या पंधरा मिनिटांत गर्दी होते. मर्यादा तासाला आणि दर पंधरा मिनिटांनाही असायला हवी, सरकती, म्हणजे कुठल्याही मिनिटापासून मोजली तरी लागू होणारी.

दुसरा आग्रह पावसाळ्याचा. उड्डाणांचा उन्हाळी हंगाम मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी हंगाम लागतो. म्हणजे आपला अख्खा पावसाळा एकाच वेळापत्रकाच्या पोटात. एप्रिलच्या कोरड्या धावपट्टीवर मोजलेली ताकद जुलैसाठी धरली तर जुलैत रोज रांग लागणार, हे आधीच माहीत असतं. १ जुलै २०१९ च्या रात्री मुसळधार पावसात एक विमान मुख्य धावपट्टीवरून घसरून पुढे गेलं आणि ती काही दिवस बंद राहिली. दुसऱ्या धावपट्टीवर तासाला पस्तीसच्या आसपासच विमानं बसतात. अशा घटनेसाठी वर्षभर जागा सोडा असं कोणी म्हणणार नाही. पण जून ते सप्टेंबरसाठी वेगळा, कमी आकडा जाहीर करणं सहज शक्य आहे. पावसाळ्याआधीच्या देखभालीसाठी दोन्ही धावपट्ट्या एक दिवस अकरा ते पाच बंद ठेवतात (२०२४ मध्ये ९ मे, २०२५ मध्ये ८ मे), आणि ते कित्येक महिने आधी कळवल्यामुळे त्या दिवशी गोंधळ होत नाही. हवामानाचा नेमका दिवस कळत नाही, पण महिने तर ठाऊक आहेत.

राहिला नवी मुंबईचा प्रश्न. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी उड्डाणं सुरू झाली. त्यामुळे मुंबईचा भार आपोआप हलका होईल असं समजू नका. दोन्ही विमानतळ इतके जवळ आहेत की आकाश दोघांचं एकच आहे. उतरणारी विमानं एकाच क्रमात गुंफावी लागतात, आणि एका ठिकाणच्या ढगांची झळ दुसऱ्यालाही बसते. खरा फायदा होण्याची वाट एकच: जी उड्डाणं सांताक्रूझहून नवी मुंबईला जातील त्यांच्या जागी सांताक्रूझला, निदान सकाळी आणि संध्याकाळी, नवी उड्डाणं बसवायची नाहीत. दबाव येईल, कारण त्या एकेका स्लॉटला मागणी आहे. गोव्यात मोपाचा दुसरा विमानतळ ५ जानेवारी २०२३ ला सुरू झाला तेव्हा दाबोळीच्या जुन्या विमानतळाचा प्रश्न वेगळा होता. तिथे नौदलाच्या सरावामुळे सकाळचे काही तास नागरी विमानांना मिळत नाहीत आणि दुपारी गर्दी होते. दुसऱ्या विमानतळाने गोव्याला ते सकाळचे तास दिले. मुंबईला नवी मुंबई मोकळे गॅप देऊ शकते, पण ते मोकळेच राहतील असं स्लॉट समितीने लिहून ठेवलं तर. माझ्या मते सांताक्रूझचा गर्दीचा आकडा ४२ वर आणावा आणि दर महिन्याला दोन्ही विमानतळांचा तासावार घिरट्यांचा आणि टॅक्सीचा सरासरी वेळ लोकांसमोर ठेवावा. हे आकडे रडारच्या आणि बेच्या नोंदींतून निघतात, त्यासाठी नवं यंत्र लागत नाही.